खर्जाची जुळणी

आमच्या सौंसरच्या घरी देवघराशेजारच्या भिंतीला एक तंबोरा टांगलेला आहे. आमच्या आजोबांनी तो स्वातंत्र्यापूर्वी मिरजेहून आणवला होता. पुढे एका लग्नाच्या गडबडीत त्याला धक्का लागून भोपळ्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली. तेव्हापासून तो वाजला नाही. दरवर्षी दसऱ्याला त्याची पूजा मात्र होते. भोपळा बदलून घ्यावा, असे एका जाणकाराने सुचवले होते, पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि त्यांच्यामागून मीही ते मानले नाही. भोपळा बदलला तर तो आजोबांचा तंबोरा राहीलच कसा, हा आमचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळायला अनेक वर्षे जावी लागली, आणि ते मिळाले एका गिटारीमुळे.

नागपूरला शिकणाऱ्या माझ्या नातवाने दोन वर्षांपूर्वी सुटीत एक विजेची गिटार जुळवायला घेतली. जुन्या वाड्याच्या चौकटीचे सागवान आमच्या माळ्यावर पडले होते. त्याचे धड त्याने गावच्या सुताराकडून कापून घेतले. दांडी, खुंट्या, घोडी, पिकअप, तारा हे सारे निरनिराळ्या ठिकाणांहून टपालाने आले. मी म्हटले, "अरे, बाजारात तयार गिटार मिळते. ही जोडाजोड कशाला?" त्यावर तो म्हणाला, "आबा, तयार मिळते ते उंच आवाजाची. माझा आवाज खालचा आहे. तिच्यासंगं गायला बसलो की मीच कुठंतरी हरवून राहिलो." त्याला हवी होती ती बॅरिटोन गिटार, म्हणजे नेहमीच्या गिटारीपेक्षा खाली, खर्जाकडे उतरणारी. 'जोडाजोड' हा शब्द मी हिणवण्याच्या सुरात वापरला होता. प्रस्तुत लेख म्हणजे एका अर्थी त्या शब्दाबद्दलचे प्रायश्चित्त आहे.

प्रथम गिटारीकडेच पाहू. तारेचा आवाज विजेने मोठा करण्याचा यशस्वी प्रयत्न अमेरिकेत जॉर्ज बोशाँप यांनी १९३१ च्या सुमारास केला. त्यांच्या ज्या वाद्याला लोक 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, म्हणत, ती हवाईयन पद्धतीची, मांडीवर ठेवून वाजवायची गिटार होती. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, एवढेच त्यातले रहस्य. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व शंभर वर्षांनी वाद्याच्या कामी आले.

परंतु सुट्या भागांतून गिटार उभी करण्याची वाट मोकळी केली ती लिओ फेंडर यांनी. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्त करणारा हा मनुष्य स्वतः गिटार वाजवायला कधीच शिकला नाही. कदाचित त्यामुळेच वाद्य म्हणजे अखंड, अविभाज्य वस्तू असे त्याला वाटले नसावे. १९५० मध्ये त्याने जी गिटार बाजारात आणली, तिची दांडी धडाला सरसाने चिकटवलेली नव्हती. चार स्क्रूंनी ती आवळलेली होती. दांडी बिघडली तर स्क्रू काढा आणि दुसरी बसवा. जुन्या कारागिरांना हा प्रकार अडाणीपणाचा वाटला असल्यास नवल नाही. पण आज जगात कोठेही बसून एखादा तरुण धड एकीकडचे आणि दांडी दुसरीकडची घेऊन वाद्य जुळवतो, त्याच्या मुळाशी ते चार स्क्रू आहेत.

खर्जाची विजेची गिटारही याच काळातली. नेथन डॅनियल यांच्या डॅनइलेक्ट्रो या कारखान्याने १९५६ मध्ये नेहमीच्या गिटारीपेक्षा एक सप्तक खाली लागणारे सहा तारांचे वाद्य काढले. त्याचे साहित्य ऐकून कोणालाही हसू येईल. लाकडी सांगाड्यावर मेसोनाइटचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या स्वस्त फळीचे पत्रे, आणि पिकअप बसवायला लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या! फेंडरनेही १९६१ मध्ये त्याच जातीचे, ३० इंच तारेचे वाद्य आणले. आज ज्याला बॅरिटोन गिटार म्हणतात ती या खोल वाद्याच्या आणि साध्या गिटारीच्या मधली. तिची तार बहुधा २७ ते ३० इंचांची असते, आणि ती साध्या गिटारीच्या चार किंवा पाच स्वर खाली लागते.

आता आपल्या मिरजेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धनांच्या मिरज संस्थानात वाद्यनिर्मितीस आरंभ झाला, आणि त्याचे श्रेय परंपरेने फरीदसाहेब शिकलगार यांना दिले जाते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे आणि शस्त्रे उजळणारे लोक. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम आटले, तेव्हा संस्थानच्या गवयांची बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता हे हात तारा आणि भोपळ्यांत रमले. पुढे त्या वस्तीला सतारमेकर गल्ली हे नाव पडले आणि काही घराण्यांचे आडनावही सतारमेकर झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) मिरजेस स्थायिक झाले. त्यांच्या स्मरणार्थ तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी गायनसेवा होते. वाद्य करणारा आणि वाद्यावर गाणारा एकाच गावात नांदत असल्याने मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती सर्वत्र गेली.

हा तंबोरा येतो कोठून? भोपळा सोलापूर जिल्ह्यातला, पंढरपूर-मंगळवेढा परिसरात भीमेच्या काठी पिकलेला. हा भोपळा खाण्याचा नव्हे. वाद्यासाठीच त्याची जोपासना करतात आणि महिनोन्‌महिने वाळवून तो मिरजेस येतो. दांडीचे आणि तबलीचे लाकूड तुणीचे, बहुधा कर्नाटकाच्या जंगलातले. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा लाकडी गळा वेगळा, घोडी हाडाची किंवा शिसवीची, आणि तारा आणखी कोठल्या. भोपळा पाण्यात भिजवून कापतात, आतून कामट्यांचा आधार देऊन त्याचा आकार सावरतात, मग गळा चिकटवतात, वर तबली चढवतात, घासून-पुसून लाखेचे रोगण देतात. म्हणजे मिरजेचा तंबोरा हीही जोडाजोडच! भेद एवढाच की फेंडरच्या जोडणीत स्क्रू दिसतात आणि मिरजेच्या जोडणीवर वेलबुट्टी असते. आजोबांचा तंबोरा जन्मला तेव्हाच तो चार ठिकाणच्या चार वस्तूंचा होता, हे मी उभ्या आयुष्यात कधी ध्यानात घेतले नव्हते.

येथे खर्जाचा मूळ प्रश्न येतो. आवाज खाली आणायचा तर खुंटी पिळून तार सैल केली की झाले, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. १६३६ मध्ये मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने तारेचे नियम छापून प्रसिद्ध केले. तार जितकी लांब तितका स्वर खाली, जितकी जड तितका खाली आणि जितकी ताणलेली तितका वर. यातला ताणाचा नियम मोठा कठोर आहे. गिटारीची सर्वांत खालची तार आपल्या भाषेत पांढरी तीनची. ती बॅरिटोनसाठी पांढरी सातपर्यंत, म्हणजे षड्जावरून खालच्या पंचमापर्यंत, उतरवायची तर कंपनसंख्या तीन चतुर्थांश होते. पण ताण मात्र त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे नऊ सोळांश, साधारण ५६ टक्के उरतो. इतकी सैल तार पडद्यांवर लटपटते, खरखरते आणि जरा जोरात छेडली की बेसूर होते. तो खर्ज नव्हे, तो नुसता ढिलेपणा.

मग उपाय काय? तार लांब करणे. नेहमीची गिटार २५.५ इंचांची. माझ्या नातवाने २८ इंचांची दांडी घेतली. तेवढ्याने तोच स्वर ठेवून ताण ५६ वरून सुमारे ६८ टक्क्यांवर आला. राहिलेली उणीव तारेच्या जाडीने भरून काढायची. एक इंचाचे ४६ सहस्रांश जाडीच्या तारेऐवजी सुमारे ५६ सहस्रांशांची तार लावली की पूर्वीचा घट्टपणा परत येतो. हा हिशेब त्याने मला वहीवर मांडून दाखवला. तो पाहताना माझे लक्ष भिंतीवरच्या तंबोऱ्याकडे गेले.

कारण हाच हिशेब मिरजेने वहीशिवाय कधीच सोडवलेला होता. मर्दानी तंबोरा आणि जनानी तंबोरा हा भेद आपण लहानपणापासून ऐकतो. स्त्रियांचा आवाज काळी चार-पाचच्या आसपास, पुरुषांचा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास. म्हणून मर्दानी तंबोऱ्याचा भोपळा मोठा, दांडी लांब, तारा जाड, आणि शेवटची खर्जाची तार पोलादी नव्हे तर पितळी. जनानी तंबोऱ्याच्या तारा सैल करून कोणी त्याचा मर्दानी तंबोरा करीत नाही. सतारीचेही तसेच आहे. तिची खर्जातली थोरली बहीण म्हणजे सुरबहार. एकोणिसाव्या शतकात उत्तरेत ती घडली ती सतारीचीच दांडी लांब-रुंद करून आणि तारा जाड करून, कारण बीनेची संथ, खोल आलापी साध्या सतारीवर उतरत नव्हती. इमदादखाँ (मृत्यू १९२०) यांनी ती नावारूपाला आणली. आपल्याच मध्य प्रदेशातल्या मैहरला जन्मलेल्या अन्नपूर्णादेवी (१९२७-२०१८) यांनी तिला आयुष्य वाहिले. गिटारीला बॅरिटोन जे आहे, ते सतारीला सुरबहार. खालच्या आवाजाला दुय्यम वाद्य देऊन भागत नाही, त्याच्या मापाचे वाद्य घडवावे लागते, हे दोन्हीकडच्या कारागिरांना पटलेले होते.

नातवाच्या कामात दोन चुका झाल्या. त्या दोन्हींनी मला काही शिकवले, म्हणून सांगतो. पहिली चूक घोडीची. सुताराला दिलेला नकाशा साध्या गिटारीचा होता, म्हणून त्याने घोडीची जागा त्या मापाने आखली. गिटारीचे पडदे सतारीसारखे तातीने बांधलेले नसतात की सरकवून सूर जमवावा. ते दांडीत कायमचे ठोकलेले असतात, आणि पहिल्या सप्तकाचा, म्हणजे बारावा, पडदा तारेच्या बरोबर मध्यावर यावा लागतो. खुंट्यांकडच्या अटीपासून बारावा पडदा १४ इंचांवर होता, म्हणजे तेथून घोडीही १४ इंचांवर हवी. नकाशाप्रमाणे ती बरीच अलीकडे येत होती. एकही भोक पाडण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात आली म्हणून सागवान वाचले. सुटे भाग कितीही उत्तम असोत, त्यांचे परस्परांशी असलेले अंतर चुकले की सारे सूर चुकतात.

दुसरी चूक मला अधिक जिव्हाळ्याची. खापरपणजोबांच्या तंबोऱ्याची काही खूण आपल्या गिटारीत असावी, अशी त्याची फार इच्छा. त्याने तंबोऱ्याची पितळी खर्जाची तार हळूच काढून गिटारीच्या सर्वांत खालच्या जागी चढवली. छेडली, तर अ‍ॅम्प्लिफायरमधून जवळजवळ काहीच आले नाही. कान तारेशी नेला तर ती गुणगुणत होती, पण पिकअपला ती ऐकूच येत नव्हती. पितळेला लोहचुंबक ओळखत नाही. भोपळ्यावर जी तार सबंध मैफल भारून टाकते, ती पिकअपखाली मुकी! त्याने ती निमूटपणे तंबोऱ्यावर परत चढवली. वारसा म्हणजे एखादा भाग उचलून दुसरीकडे लावणे नव्हे, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळले.

मग वारसा कशात असतो? मला वाटते, जवारीत. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते. तिला किंचित बाक असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून ती जागा शोधावी लागते, जेथे तार सर्व स्वरांचे पाट सोडत गुंजू लागते. सी. व्ही. रामन हे नाव आपण प्रकाशाच्या संशोधनाशी जोडतो. १९१० मध्ये ते सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या नागपूरला होते. याच रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांवर एक निबंध लिहिला. तार जेथे छेडली तेथे ज्या उपस्वरांनी नियमाप्रमाणे गप्प राहावे, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, आणि याचे कारण ती बाकदार घोडी, असे त्यांनी दाखवले. म्हणजे तंबोऱ्याचा प्राण ना भोपळ्यात आहे, ना दांडीत. तार घोडीला जेथे टेकते, तेथल्या केसाएवढ्या मोजमापात तो आहे. भोपळा परगावचा चालतो, तार परगावची चालते. जवारी मात्र जाणत्या हातानेच काढावी लागते, आणि घोडी झिजली की पुनःपुन्हा काढावी लागते. गिटारीतही शेवटी तेच. सारे स्क्रू आवळून झाल्यावर माझा नातू तीन रात्री तारेची उंची कणाकणाने वर-खाली करीत बसला होता.

हे लिहिताना आपल्या भागाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपणही जुळवलेलेच लोक आहोत. देवगडचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती आल्यावर आणि त्यानंतरच्या काळात कोणी वऱ्हाडातून, कोणी नागपूरकडून, कोणी देशावरून या जाम-कन्हानच्या खोऱ्यात आले. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याबरोबर आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला. सीमा बदलल्या, कचेरीची भाषा बदलली, मुलांच्या शाळेचे माध्यम बदलले. प्रत्येक वेळी आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी तोच प्रश्न विचारला, जो मी तंबोऱ्याबद्दल विचारत होतो. हे बदलले, तर आपण तेच कसे राहणार? आणि पुष्कळदा उत्तरही तेच दिले, की बदलू नका, भिंतीला टांगून ठेवा आणि दसऱ्याला हळदकुंकू वाहा.

यातला धोका मिरजेने ओळखला आहे. यंत्राचा तंबोरा आणि आता मोबाइलमधला तंबोरा यांनी मोठी बाजारपेठ व्यापली आहे. हे काम शिकायला वर्षे लागतात आणि नव्या पिढीचे हात कमी पडतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते. जवारी काढणाऱ्या हाताचे रक्षण त्याच्याकडे काम घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाने होते. भिंतीवरचे मुके तंबोरे मिरजेच्या कोणत्याच कारागिराचे पोट भरीत नाहीत. वाद्याचा मान राखण्याच्या नावाखाली त्या हातांना आपण कामावाचून ठेवले, यात आमच्या घराचाही वाटा आहे.

आपल्या राज्यातले एक उदाहरण सांगतो. मैहरचे अल्लाउद्दीन खाँ यांनी गेल्या शतकाच्या आरंभी अनाथ मुलांना घेऊन वाद्यवृंद उभा केला, तेव्हा बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे नलतरंग हे वाद्य केले. मिरजेच्या शिकलगाराने तलवार ठेवून सतार घेतली आणि मैहरच्या उस्तादाने बंदुकीतूनच स्वर काढला. परंपरेतले थोर लोक साहित्याच्या सोवळ्यात अडकले नाहीत. साहित्य मिळेल ते घेतले आणि सुराशी मात्र तडजोड केली नाही.

गिटार पूर्ण झाली त्या संध्याकाळी नातवाने सर्वांत खालची तार छेडली. आमच्या माळ्यावर कैक वर्षे मुके पडलेले ते सागवान मांडीवर थरथरले. त्याने गायला सुरुवात केली, आणि त्याचा तो खालचा, भारदस्त आवाज, जो घरात इतकी वर्षे कोणी नीट ऐकलाच नव्हता, पहिल्यांदा आपल्या जागेवर बसला. त्याच्या खापरपणजोबांचा आवाज असाच खर्जाचा होता, असे माझ्या थोरल्या बहिणीने तेव्हा सांगितले. मला तो आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तंबोरा भिंतीवरून उतरवला. येत्या हिवाळ्यात आम्ही दोघे तो घेऊन नागपूरमार्गे मिरजेस जाणार आहोत. भोपळा नवा बसेल. दांडी तीच राहील, घोडीची जवारी नव्याने निघेल, आणि ती पितळी तार, अजून धड असली तर, तीच चढेल. त्यानंतरही तो आजोबांचाच तंबोरा राहील का, हा प्रश्न मी आता विचारीत नाही. तो वाजू लागला, आणि त्याच्या खर्जात कोणी घरातलाच आवाज मिळवून बसला, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.